देवाचं पाचारण ओळखायचं कसं? हा देवाचा आवाज की माझंच मन?

नवी_वाट

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज विचारतेच. मी विमा कंपनीत क्लेम डिपार्टमेंटला आहे, काम आता अंगवळणी पडलंय, घरी नवरा, मुलं आणि सासूबाई, त्यांचं दुखणंखुपणं चालूच असतं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडेस्कूल (मुलांचा रविवारचा बायबल वर्ग) मी बघते आणि ते मला अगदी मनापासून आवडतं. आता झालंय असं की मंडळीतून विचारणा आलीये, मुलांमधलं काम पूर्णवेळ घेशील का म्हणून. मानधन आहे, पण माझ्या पगाराच्या मानाने बरंच कमी.

तेव्हापासून डोक्यात एकच चालू आहे. प्रार्थनेला बसले की वाटतं हो, हेच ते. ऑफिसला जाऊन फाईल उघडली की वाटतं छे, हे सगळे मनाचे खेळ आहेत, तुला नोकरीचा कंटाळा आलाय आणि तू देवाचं नाव पुढे करतेयस. नाही म्हणायचं ठरवलं की लगेच वाटतं हा नकार फक्त पैशाच्या भीतीपोटी आहे, येशूने बोलावल्यावर पेत्राने मासेमारीची जाळी टाकून दिली आणि मी घराचे हप्ते मोजत बसलेय.

त्यात मंडळीत लोकांच्या साक्षी, म्हणजे देवाचे अनुभव, ऐकते तेव्हा प्रत्येकाला काहीतरी झालेलं असतं, कुणाला स्वप्न पडलं, कुणी बायबल उघडलं आणि नेमकं तेच वचन समोर आलं. मला असं काहीच होत नाही. मी प्रार्थना करते, शांत बसते, आणि मग कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात.

तर विचारायचं हे आहे की देवाचा आवाज, माझी इच्छा आणि माझी भीती ही तीन वेगवेगळी काढायची कशी? आणि पाचारण फक्त पूर्णवेळ सेवेचंच असतं का, मग बाकी जे आयुष्य आपण जगतो त्याचं काय? कृपया "प्रार्थना करा, कळेल" एवढंच नका लिहू, ती करतेच आहे.

निवृत्त_पाळक

ताई, सगळं आयुष्य पाळकपणात, म्हणजे चर्च सांभाळण्यात, गेलं, हा प्रश्न घेऊन समोर बसलेली खूप माणसं बघितली आणि जवळपास सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच धास्ती असते की देव काहीतरी सांगतोय आणि आपलं ऐकायचं राहून जातंय. ती धास्ती आधी बाजूला ठेवा. तुमच्याशी बोलायची इच्छा त्याला आहे, तो लपाछपी खेळत नाही.

शमुवेलाची गोष्ट तुम्ही पोरांना शिकवत असालच, पण १ शमुवेल ३ परत एकदा सावकाश वाचा. पोरगं झोपलंय, हाक येते, ते उठून एलीकडे, म्हणजे ज्याच्या हाताखाली ते मंदिरात वाढतंय त्या म्हाताऱ्या याजकाकडे, पळतं. तीनदा पळतं. म्हणजे देवाची हाक त्याला रोजच्या ओळखीच्या म्हाताऱ्याच्या हाकेसारखीच ऐकू आली, ना वीज ना गडगडाट. आणि ही हाक कोणाची हे त्याला स्वतःला कळलंच नाही, एलीला कळलं, तेही तिसऱ्या खेपेला. एलीची नजर अधू झालेली, पोरं हाताबाहेर गेलेली, तरी ओळखलं ते त्यानेच. म्हणून हे कोडं एकटीने सोडवायला बसू नका. तुम्हाला जवळून ओळखणारी, तुमच्या होकार-नकारात ज्यांचा काही फायदा नाही अशी दोन-तीन प्रार्थनाशील माणसं शोधा आणि त्यांच्यासमोर सगळं मोकळेपणाने मांडा, पैशाची भीतीसुद्धा.

अजून एक. आपण ही गोष्ट "बोल, तुझा दास ऐकत आहे" इथे आणून थांबवतो. पण त्या रात्री त्याने पुढे ऐकलं काय, तर एलीच्याच घराण्यावर येणारा न्याय. ऐकायला गोड काहीच नव्हतं. आणि पंधराव्या वचनात लिहिलंय की तो सकाळपर्यंत पडून राहिला, मग उठून त्याने परमेश्वराच्या घराची दारं उघडली. रात्री प्रत्यक्ष देव बोलला आणि सकाळी पोरगं आपलं रोजचं काम करतंय. हे वचन मला फार जवळचं आहे, कारण ज्याला पाचारण झालंय त्याची दुसऱ्या दिवसाची सकाळ अशीच असते.

आणि मोशेचं बघा. वय ८०, सासऱ्याची मेंढरं राखतोय, जळतं झुडूप बघतो, देव त्याला आपल्या लोकांना सोडवायला मिसर देशात जा म्हणतो, तो देवाशी चांगला वाद घालतो, देव त्याला विचारतो तुझ्या हातात काय आहे, तर काठी. एवढं सगळं झाल्यावर तो करतो काय? निर्गम ४:१८, घरी येऊन इथ्रोला, त्या सासऱ्यालाच, विचारतो की मला जाऊ द्या. तेव्हा नवऱ्याशी आणि सासूबाईंशी बोलण्यात वेळ जातोय म्हणून आपण पाचारणात कमी पडतोय असं वाटून घेऊ नका, ते बोलणं त्यातच आलं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल इतकंच सांगतो की येशूची पहिली हाक सगळ्यांना सारखीच आहे, माझ्यामागे ये. मीखा ६:८ मध्ये जे लिहिलंय, न्यायाने वागणं, दयेची आवड धरणं, देवाबरोबर नम्रपणे चालणं, त्याला स्वप्न पडायची वाट बघावी लागत नाही, ते क्लेमच्या फाईलवरही करता येतं आणि संडेस्कूलमध्येही. काय काम करायचं हा प्रश्न महत्त्वाचाच आहे, पण तो त्याच्यानंतरचा.

थेट_बोलतो

पाळक काकांशी सहमत. मी फक्त त्या स्वप्न आणि चिन्हांबद्दल लिहितो कारण यात माणसं फार अडकतात.

लोक गिदोनाचं उदाहरण देतात, देवाने शत्रूशी लढायला पाठवलेला माणूस, त्याने खूण म्हणून रात्री जमिनीवर लोकर ठेवली, दव पडलं, खूण मिळाली. पण शास्ते ६ नीट वाचा, देवाने त्याला जा म्हणून आधीच सांगितलं होतं, अगदी स्पष्ट सांगितलं होतं. लोकर नंतर आली आणि तीही दोनदा, आधी ओली आणि जमीन कोरडी, मग उलटं, आणि दुसऱ्यांदा मागताना तो स्वतःच म्हणतो की माझ्यावर रागावू नकोस. देवाने त्याच्या भित्रेपणाला सांभाळून घेतलं ही देवाची दया, पण ही काही निर्णय घ्यायची पद्धत म्हणून दिलेली नाही. तसंच डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवायचं हे मला अजिबात पटत नाही. देव त्यातूनही बोलू शकतो, तो कशातूनही बोलेल, पण वचन रोज वाचून हळूहळू मनाचं वळण बदलतं आणि मग काय चांगलं ते पारखता येतं, रोमकरांस १२:२ मध्ये हेच आहे ना.

मला सगळ्यात जास्त मदत प्रेषितांची कृत्ये १६ ने झाली. प्रेषित पौलाला आशिया नावाच्या रोमी प्रांतात वचन सांगायचं होतं, पवित्र आत्म्याने अडवलं. मग बिथुनियात जायचं बघितलं, तेही अडलं. दोन दारं बंद, आणि तिसरं कुठलं ते माहीत नाही, तरी तो चालत राहिला आणि त्रोवसला पोचला. तिथे रात्री दृष्टान्त झाला, मासेदोनियाचा माणूस बोलावतोय. आणि दहावं वचन बघा, तिथे लिहिणारा "आम्ही" म्हणतो. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला पण देव तिकडे बोलावतोय हे अनुमान सगळ्यांनी मिळून काढलं. आता पुढे काय झालं? फिलिप्पैला गेले, फटके खाल्ले, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं. पाचारण बरोबर होतं तरी. त्यामुळे सगळं सुरळीत झालं म्हणजे देवाची इच्छा आणि अडचण आली म्हणजे देव नको म्हणतोय, हा हिशोब बायबलमध्ये बसत नाही.

नवी_वाट ताई, तुम्हाला स्वप्न पडत नाही याचा अर्थ तुम्हाला कमी ऐकू येतं असा नाही. बायबलमधल्याही बहुतेक विश्वासणाऱ्यांना आयुष्यात एकही दृष्टान्त झालेला नसणार.

रात्रपाळी

ताई, मी कॅथलिक आहे, नर्स आहे. तुम्ही विचारलंत इच्छा, भीती आणि देव वेगळे कसे काढायचे, तर आमच्याकडे याची एक जुनी रीत आहे, संत इग्नेशियस लोयोला यांची, आणि ती मी स्वतः वापरते म्हणून लिहितेय.

ते सैनिक होते. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून पाय मोडला, अंथरुणाला खिळले. वाचायला शूरवीरांच्या कथा मागितल्या, त्या नव्हत्या, ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी तेवढ्या मिळाल्या. पडल्या पडल्या दिवास्वप्नं बघायचे, कधी पराक्रम गाजवून एका मोठ्या घरातल्या बाईची मर्जी मिळवण्याची, कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिकसारखं देवासाठी जगण्याची. बघताना दोन्हीत रमायचे. फरक नंतर कळायचा. पहिली स्वप्नं ओसरली की मन कोरडं आणि बेचैन, दुसरी ओसरली तरी आनंद मागे राहायचा. तिथून त्यांनी ही पारख सुरू केली.

म्हणजे तुम्ही प्रार्थनेत "हो हेच" वाटलं ते बघताय आणि फाईल उघडल्यावर "छे" वाटलं ते बघताय, पण दोन्ही वेळा अर्ध्या तासाने मागे काय उरलं ते बघा. माझा अनुभव असा आहे की भीती घाई करते, आत्ताच्या आत्ता ठरव म्हणते, चित्रं दाखवते, हप्ता चुकला, मुलांची फी राहिली, लोक काय म्हणतील. नुसती हौस असली तर ती माझ्याभोवती फिरते, त्यात मी किती छान दिसतेय ते असतं, आणि त्या कामातला कंटाळवाणा भाग तिला दिसतच नाही. देवाकडचं जे असतं ते कठीण असलं तरी त्यात एक स्थिरपणा असतो, ते ढकलत नाही, बोलावतं, आणि चार दिवस दुर्लक्ष केलं तरी तिथेच असतं.

रोज रात्री झोपायच्या आधी दिवसाची उजळणी करा, कुठे मन मोठं झालं, देव जवळ वाटला, कुठे मन आक्रसलं. वहीत एका ओळीत लिहा, जास्त नको. आठवड्या-दोन आठवड्यांचं एकदम वाचलं की जे दिसतं ते एका दिवसात दिसत नाही. मी ड्यूटीवरून आल्यावर लिहिते, आणि वाचताना लक्षात आलं की माझं मन मोठं झालेलं असतं ते बहुतेक वेळा पेशंटचं अंग पुसताना, तेव्हा कोणी बघत नसतं, पेशंटही बऱ्याचदा शुद्धीत नसतो. मला हे कुठल्या साक्षीत सांगताही येणार नाही पण मला माझं उत्तर मिळालं.

इग्नेशियसचा अजून एक नियम सोन्यासारखा आहे. मन उदास असताना, देव दूर गेल्यासारखा वाटत असताना, आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही. आणि ठरवताना त्यांनी कल्पना करायला सांगितलंय की एखादा पूर्ण अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन तुमच्याकडे आला, त्याचं भलं व्हावं असं तुम्हाला वाटतंय, तर त्याला काय सांगाल. किंवा मरणाच्या घटकेला मागे वळून बघताना कुठला निर्णय घेतला असता तर बरं वाटेल. करून बघा, स्वतःला फसवणं अवघड जातं.

आणि घाई नको. मदर तेरेसांना १० सप्टेंबर १९४६ ला दार्जिलिंगच्या ट्रेनमध्ये गरिबांमध्ये जाऊन राहायची हाक ऐकू आली, कॉन्व्हेंटमधून त्या बाहेर पडल्या १९४८ मध्ये. मधला सगळा काळ वरिष्ठांना सांगणं, परवानगी मागणं, थांबणं. बाहेर पडल्यावरही आधी थोडं नर्सिंग शिकून घेतलं. त्यांची पत्रं नंतर प्रसिद्ध झाली त्यात दिसतं की पुढे वर्षानुवर्षं त्यांना देव जवळ आहे असं वाटतच नव्हतं, तरी काम सोडलं नाही. म्हणून प्रार्थनेत काही वाटत नाही यावरून काही ठरवू नका.

आईपण_पूर्णवेळ

माझं थोडं वेगळं आहे, सांगू की नको असं करत लिहितेय.

माझा मुलगा स्वतःच्या हाताने जेवू शकत नाही, बोलू शकत नाही. तो आता मोठा झालाय, त्याला उचलायला दोघं लागतात. माझं लग्नाआधी ठरलेलं होतं की बायबल कॉलेजला जायचं, सेवा करायची. मंडळीत सेवेची बोलावणी होतात, "ज्यांना देव बोलावतोय त्यांनी पुढे या", तेव्हा मी मागच्या बाकावर त्याचं तोंड पुसत असते. आणि कितीतरी वर्षं मला असं वाटायचं की देवाने बाकी सगळ्यांना बोलावलं.

"पूर्णवेळ सेवा" हा शब्द आपण ज्या पद्धतीने वापरतो त्याने माझ्यासारख्या खूप जणींच्या मनाला घरं पडतात. हे पाळकांनाही सांगणं आहे, रागाने नाही. देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केलं असं बायबलमध्ये अगदी सुरुवातीला ज्या माणसाबद्दल लिहिलंय तो बसालेल, निर्गम ३१, आणि त्याचं काम काय तर सोनं-चांदी घडवणं, खडे बसवणं, लाकूड कोरणं. पौल करिंथला तंबू शिवत होता. येशू स्वतः प्रचार करायच्या आधीची कितीतरी वर्षं सुतारकामात होता आणि ती वर्षं काही वाया गेलेली नव्हती, बाप्तिस्म्याच्या वेळी "याच्याविषयी मी संतुष्ट आहे" हे देवाने म्हटलं ते एकही चमत्कार व्हायच्या आधी. धर्मसुधारक मार्टिन लूथरने सोळाव्या शतकात हेच तर ठासून सांगितलं की मठात जाणाऱ्यालाच पाचारण आहे असं नाही, बाळाची लंगोटी बदलणाऱ्या बापाचं कामही देवाला आवडतं. आपल्याकडे सावता माळींबद्दल सांगतात की पंढरपूर जवळ असून ते मळा सोडून गेले नाहीत, त्यांना विठ्ठल मळ्यातच दिसला. त्यांची श्रद्धा आणि माझी वेगळी, पण हातातलं काम आणि भक्ती ज्याच्यासाठी एक झाली त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

ब्रदर लॉरेन्स म्हणून सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात होते, स्वयंपाकघरात काम दिलेलं, आणि त्यांना ते काम मुळात नावडतं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आवडीचं काम म्हणजे पाचारण असं आजकाल सारखं ऐकते. त्यांनी नावडत्या कामात, भांड्यांच्या आवाजात, देवाशी बोलायची सवय लावून घेतली आणि पुढे मोठमोठी माणसं त्यांच्याकडे सल्ल्याला यायची.

मी मुलाला भरवते तेव्हा एक घास जायला कधी कधी पाच मिनिटं लागतात. चमचा खालच्या ओठाला टेकवायचा, तो तोंड उघडेपर्यंत थांबायचं, मग गिळेपर्यंत गळ्याकडे बघत राहायचं. घाई केली की ठसका. या थांबण्यात मी एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करते, आता यात तुमचंही नाव आलं नवी_वाट ताई. ही सेवा आहे, आणि देवाने मला बोलावलंय, आणि हे मला आता कोणी स्टेजवरून सांगायची गरज उरलेली नाही.

तुम्ही मुलांचं काम घेऊ नका असं मी म्हणत नाहीये. कदाचित घ्याच. पण घेताना "आता मी खरी देवाची झाले" असं वाटून घेऊ नका आणि नाही घेतलंत तर कमी झालात असंही नाही.

नवी_वाट

आईपण ताई, तुमचं वाचून खूप वेळ काही लिहिता आलं नाही. सगळ्यांचेच आभार, एवढं मनापासून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

रात्रपाळी ताईंनी सांगितलं तसं वहीत लिहायला लागले. त्यातून एक गोष्ट वर आली जी मला अपेक्षित नव्हती. आमच्याकडे फोन येतात, घरचा माणूस गेल्यावर. एका बाईंचा आला, त्यांना फॉर्ममधलं एक अक्षरही समजत नव्हतं, नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग पॉलिसीवर वेगळं आणि दाखल्यावर वेगळं, आणि प्रत्येक वेळी नाव उच्चारायला गेल्या की आवाज फुटायचा. आमचा फोन शक्यतो लवकर आटपायचा असतो. मी नाही आटपला. कुठलं प्रतिज्ञापत्र करायचं, त्यात काय लिहायचं, सही कुठे, सगळं एक एक करून त्यांच्याकडून लिहून घेतलं, आणि मधे त्या गप्प झाल्या तेव्हा मीही गप्प राहिले. त्या रात्री वहीत मी फक्त "फोन" एवढंच लिहिलं. आणि मागचं वाचलं तर संडेस्कूल आहेच, पण असे फोनही बऱ्याचदा आलेत.

माझे वडील मी शाळेत असताना गेले. आईला त्या कागदांसाठी किती खेटे घालावे लागले, कोणी धड बोलायचं नाही, ते मी तिच्या हाताला धरून बघितलंय. ही नोकरी मी त्यामुळे घेतली असं कधी वाटलं नव्हतं, मिळाली म्हणून घेतली.

म्हणजे आता अजूनच गोंधळ. आधी मला वाटत होतं एकीकडे देव आणि एकीकडे पगार. आता दोन्हीकडे देव दिसतोय. आणि मंडळीला उत्तर महिनाअखेर हवंय, त्यातल्या एका ज्येष्ठांनी तर सांगितलंय की "तूच ती आहेस असं प्रभूने मला दाखवलंय", त्यांचा मी मान ठेवते, त्यामुळे नाही म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हणणं असं वाटायला लागलंय. नवरा विरोध करत नाही पण "तुला वाटेल ते कर" म्हणतो आणि विषय बदलतो.

थेट_बोलतो

ताई, त्या ज्येष्ठांच्या वाक्यावर थांबा जरा. ते मनापासून बोलले असतील, मला त्यांच्या हेतूवर शंका घ्यायची नाही. पण १ राजे १३ वाचा. देवाचा एक माणूस होता, देवाने त्याला सांगितलेलं की तिथे खायचं नाही प्यायचं नाही, आलास त्या वाटेने परतायचं नाही. त्याला एक म्हातारा संदेष्टा भेटतो आणि म्हणतो मीही संदेष्टाच आहे, देवदूताने मला सांगितलंय की तुला घरी घेऊन यावं. ते खोटं होतं. हा विश्वास ठेवून गेला आणि परतीच्या वाटेवर सिंहाने मारला. जाणत्या माणसाच्या तोंडून "देवाने मला दाखवलं" आलं तरी ते पारखायचं असतं, १ योहान ४:१ मध्ये तसं सांगितलंच आहे, आत्म्यांची परीक्षा करा.

दुसऱ्याच्या तोंडून आलेलं वचन तुमच्या मनात देवाने आधीच जे चालू केलंय त्याला दुजोरा देत असेल तर उत्तम, नसेल तर आदराने ऐकून बाजूला ठेवायचं. आणि देव ज्याला बोलवायचं त्याच्याशी स्वतः बोलतो, फक्त तिसऱ्याकरवी निरोप पाठवून तारीख देत नाही.

आईपण_पूर्णवेळ

तुमच्या वडिलांचं वाचलं आणि मला पंडिता रमाबाई आठवल्या. त्यांचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले, त्या स्वतः भावाबरोबर उपाशीपोटी पायी फिरलेल्या. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना, विधवांना घेऊन आल्या, केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. भूक काय असते ते त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. जिथे आपल्याला स्वतःला लागलेलं असतं तिथलं दुसऱ्याचं रडू आपल्याला लवकर ऐकू येतं, देव हे वापरतो असं मी पुन्हा पुन्हा बघितलंय. त्या बाईंचा फोन तुमच्याकडे आला हा मला योगायोग वाटत नाही.

पण त्याचा अर्थ नोकरी सोडू नका असा मी लावणार नाही. वडील गेलेल्या मुलीला मुलांमध्येही काम असतं. संडेस्कूलमध्येही अशी लेकरं असतीलच.

निवृत्त_पाळक

दोन्हीकडे देव दिसतोय म्हणता त्याला मी गोंधळ म्हणणार नाही, इथून पुढे खरी निवड सुरू होते. चांगलं आणि वाईट यातून निवडायला पाचारणाचा विचार लागत नाही, दोन चांगल्यातून निवडताना लागतो.

विल्यम विल्बरफोर्स यांचं उदाहरण देतो. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये तरुण खासदार होते, १७८५ च्या सुमारास त्यांचं मन पालटलं, आणि त्यांना वाटायला लागलं की आता राजकारण सोडून धर्मसेवेला लागावं. ते जॉन न्यूटन या पाळकांकडे गेले. न्यूटन आधी गुलामांची जहाजं चालवणारे कप्तान होते, देवाने त्यांना त्यातून ओढून काढलेलं. आता पाळक म्हटल्यावर आपल्याला वाटेल ते म्हणाले असतील ये, सेवेत ये. ते म्हणाले आहेस तिथेच राहा. विल्बरफोर्स राहिले आणि १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा कायदा झाला, गुलामगिरीच संपवणारा कायदा १८३३ चा, म्हणजे हयात गेली. मी हे मुद्दाम पाळक असून सांगतोय. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल म्हणतो ज्या स्थितीत पाचारण झालं त्या स्थितीत राहा, आणि लगेच गुलामाला म्हणतो की मोकळं होता येत असेल तर हो. दोन्ही एकाच ठिकाणी आहे, त्यामुळे "राहा" हाही नियम नाही आणि "सोड" हाही नाही.

महिनाअखेरीचं मनावर घेऊ नका. बायबलमधल्या नहेम्याला यरुशलेमेचा तट पडलाय ही बातमी किसलेव महिन्यात कळली, राजासमोर तोंड उघडलं निसानमध्ये, मधे चार महिने रडणं, उपास, प्रार्थना, आणि रोज राजाला द्राक्षारस देण्याची नोकरी चालूच. राजाने विचारल्यावर उत्तर द्यायच्या आधी मनातल्या मनात प्रार्थना केली असं २:४ मध्ये आहे, तुमच्या फोनच्या मधल्या त्या गप्प राहण्यासारखीच ती असणार. आणि यरुशलेमेत पोचल्यावर त्याने कोणाला काही न सांगता रात्री जाऊन तट कुठे कुठे पडलाय ते आधी डोळ्यांनी बघितलं. आधी जाऊन बघा. मंडळीला म्हणा, तीन महिने शनिवार-रविवार आणि जमेल तेव्हा रजा टाकून मी हे काम पूर्ण जबाबदारीने करते, मग बोलू. वर्गात पोरांसमोर उभं राहणं तुम्हाला आवडतं, पण पूर्णवेळ म्हटलं की त्यात पालकांच्या तक्रारी आहेत, हिशोब आहेत, शिक्षक आयत्या वेळी न येणं आहे. त्यातही मन टिकतंय का ते बघा. आणि मुलांना काय मिळतंय ते बघा, ती येतात का, त्यांची वागणूक बदलते का, फळावरून झाड ओळखा म्हणून येशूनेच सांगितलंय.

नवऱ्याबद्दल. "तुला वाटेल ते कर" म्हणणाऱ्या माणसाच्या पोटात बहुतेक वेळा भीती असते आणि ती बोलली तर आपण देवाच्या आड येतोय असं दिसेल म्हणून तो बोलत नाही. त्यांना मत विचारू नका, भीती विचारा. घरखर्चाची वही समोर घेऊन बसा दोघं.

रात्रपाळी

काकांचं पटलं. एक अगदी व्यवहाराचं सांगते कारण ते कोणी सांगत नाही आणि मागाहून बायकांचीच ओढाताण होते.

होकार द्यायच्या आधी मंडळीकडून सगळं लेखी मागा. मानधन किती आणि कधी मिळणार, आजारपणात काय, रजा किती, सासूबाईंचं काही निघालं तर चालेल का, तुम्ही कोणाला जबाबदार, आणि वर्षाने परत बसून दोन्ही बाजूंनी विचार होणार का. मेडिकल विमा आत्ता नोकरीतून असेल तर तो जाईल, त्याचं काय, हे तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. हे विचारलं तर विश्वास कमी दिसेल असं मनात आणू नका. पौल स्वतः हक्क घेत नव्हता पण १ करिंथ ९ मध्ये त्याने ठणकावून लिहिलंय की सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर पोट भरावं हे प्रभूनेच ठरवलंय. मंडळीने हे प्रश्न ऐकून नीट उत्तरं दिली तर तेही तुमच्या पारखीत धरा, आणि प्रश्नच विचारू नका म्हणाले तर तेही धरा.

नवी_वाट

तीन महिन्यांचं आज फोनवर बोलले, पाळक हो म्हणाले, लेखी द्यायलाही तयार आहेत. ते ज्येष्ठ थोडे नाराज वाटले, त्यांना रविवारी स्वतः भेटून सांगणार आहे. घरी वही काढली तेव्हा नवरा पहिल्यांदा नीट बोलला, त्याला हप्त्यापेक्षा त्याच्या आईच्या औषधांची काळजी होती आणि ते मला माहीतच नव्हतं. ऑफिसमध्ये नाव चुकलेल्या केसेससाठी साध्या मराठीत एक पानाची माहिती करून द्यावी असं मनात आहे, साहेबांना विचारते. कोणी असं काही केलं असेल तर काय काय घालावं सांगा.